वारसा की संसर्ग? : हिपॅटायटिस बी, प्रसूतीची वेळ आणि नवजात बालक

मराठीत एखादा रोग मुलाला जन्मापासून असेल तर तो ‘उपजत’ किंवा ‘जन्मजात’ आहे असे म्हटले जाते. या दोन्ही शब्दांत जन्म ही केवळ कालमर्यादा म्हणून येते. कारण म्हणून येत नाही. रोग बीजातून आला, गर्भाशयात असताना जडला, की प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताशी झालेल्या संपर्कातून लागला, हा भेद ते शब्द करीत नाहीत. रोजच्या व्यवहारात या भेदावाचून अडत नसेल. परंतु वैद्यकाच्या इतिहासात तो अत्यंत महत्त्वाचा ठरला. बीजातून आलेल्या रोगाला जन्मानंतर प्रतिबंध करता येत नाही. प्रसूतीच्या वेळी लागलेल्या रोगाला कधीकधी करता येतो. हिपॅटायटिस बी या विषाणुजन्य यकृतशोथाचा इतिहास म्हणजे हा भेद शोधून काढण्याचा इतिहास होय. तो शोध लागण्यास विलंब का झाला, आणि लागल्यावर त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नावाने दाखविलेली दिशा

आपल्याकडे ‘कावीळ’ हा शब्द लक्षणाचा वाचक आहे, कारणाचा नव्हे. डोळे व त्वचा पिवळी दिसू लागली की ती कावीळ. मग ती दूषित पाण्यातून आलेली असो, पित्तमार्गात अडथळा आल्यामुळे झालेली असो, वा रक्तातून आलेल्या विषाणूची असो. युरोपीय वैद्यकातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत परिस्थिती याहून फारशी निराळी नव्हती. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची पहिली सुस्पष्ट नोंद ब्रेमेन येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातील आहे. १८८३ मध्ये तेथील १,२८९ कामगारांना मानवी लस वापरून देवी टोचण्यात आल्या आणि पुढील काही आठवड्यांत व महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यातील ज्या कामगारांना ती लस टोचलेली नव्हती ते या रोगापासून मुक्त राहिले. ल्यूरमान या वैद्याने १८८५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

पुढील अर्धशतकातील मोठे दाखलेही सुईशीच निगडित होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात पीतज्वराची जी लस टोचण्यात आली तीत मानवी रक्तरस मिसळलेला होता. तिच्यामुळे सुमारे ५०,००० सैनिकांना काविळीसाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. या प्रकाराला ‘रक्तरसजन्य कावीळ’ असे नाव पडले. १९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅकॅलम यांनी संसर्गजन्य काविळीला ‘ए’ आणि रक्तरसजन्य काविळीला ‘बी’ अशी अक्षरे सुचविली. तथापि जुने वर्णनात्मक नाव पुढे दोन दशके प्रचारात राहिले.

या नावाचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. रोगाचे नाव हे पुष्कळदा अन्वेषणाचे दिग्दर्शन करते. ‘रक्तरसजन्य’ म्हटल्यावर वैद्याची दृष्टी साहजिकच सुई, रक्ताची बाटली आणि लसीची कुपी यांकडे वळते. प्रसूतीत सुई नसते. म्हणून प्रसूतीकडे या रोगाचा संभाव्य मार्ग म्हणून सहसा पाहिले जात नसे. वस्तुतः मातेच्या रक्ताशी बालकाचा जितका निकट संपर्क त्या काही तासांत येतो तितका आयुष्यात अन्य प्रसंगी क्वचितच कोणाच्या रक्ताशी येत असेल. १९५१ मध्ये जोसेफ स्टोक्स व त्यांचे सहकारी यांनी नवजात बालकांतील विषाणुजन्य यकृतशोथाचे वर्णन केले होते. परंतु रक्तात विषाणूची खूण ओळखण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते, आणि अशा साधनाच्या अभावी एकेका रुग्णाच्या वर्णनातून सर्वसामान्य सिद्धान्त उभा राहणे शक्य नव्हते.

२. आनुवंशिकतेचे अनुमान

ते साधन हाती आले ते भलत्याच शोधातून. अमेरिकन संशोधक बरूच ब्लूमबर्ग यांचा अभ्यासविषय यकृतशोथ नव्हता. निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक भेद कोणते आढळतात, हा त्यांचा विषय होता. १९६३ मध्ये अनेकदा रक्त घेतलेल्या एका रुग्णाच्या रक्तरसाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तरसाशी अपूर्व प्रतिक्रिया झालेली दिसून आली. त्या रक्तरसातील अज्ञात द्रव्याला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव देण्यात आले आणि १९६५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

या प्रतिजनाचा शोध आनुवंशिकतेच्या अभ्यासातून लागला असल्यामुळे त्याचा अर्थही प्रथम त्याच चौकटीत लावला गेला. हे प्रतिजन काही कुटुंबांत अनेकांच्या रक्तात आढळे, तर काहींत कोणाच्याच नाही. फिलिपीन्समधील सेबू बेटावरील कुटुंबांची वाटणी मेंडेलच्या अप्रभावी गुणाच्या नियमाशी जुळते असे दिसले. एका कुटुंबात एकत्र आढळणारी गोष्ट वंशपरंपरेची असली पाहिजे, हे अनुमान वरवर पाहता निर्दोष होते. परंतु कुटुंबात केवळ बीजाचाच वारसा चालत नाही. भाषा, आहार, घर आणि संसर्ग यांचाही चालतो. भाषेच्या अभ्यासकाला हे निराळे सांगावयास नको. मूल मातेची भाषा बोलते म्हणून ती भाषा कोणी आनुवंशिक मानीत नाही.

या अनुमानाला पहिला धक्का १९६६ मध्ये बसला. ज्याच्या रक्तात पूर्वी हे प्रतिजन नव्हते अशा एका रुग्णाच्या रक्तात ते नव्याने आढळले, आणि त्याच सुमारास त्याला यकृतशोथ झाल्याचे निष्पन्न झाले. आनुवंशिक गुण माणसाला मध्येच प्राप्त होत नाही. १९६७-६८ या काळात ब्लूमबर्ग यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड प्रिन्स यांनी हे प्रतिजन रक्तातून पसरणाऱ्या यकृतशोथाशी संबद्ध असल्याचे दाखवून दिले. ते विषाणूचे बाह्य आवरण होते. या कार्याबद्दल ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तरीही आनुवंशिकतेची कल्पना लगेच लोप पावली नाही. १९६९ मध्ये तिने नवे रूप घेतले : विषाणू बाहेरून येत असला तरी त्याचा दीर्घकालीन संसर्ग होण्याची प्रवणता आनुवंशिक आहे, असे मांडण्यात आले. या मताची कसोटी मात्र सोपी होती. प्रवणता मेंडेलच्या नियमाने येत असेल तर माता वाहक असो वा पिता, दोहोंचा परिणाम मुलांवर सारखाच दिसला पाहिजे. १९७२ मध्ये ओबायाशी, ओकोची आणि मायुमी या जपानी संशोधकांनी काही कुटुंबांतील वाहक आणि यकृतरुग्ण यांची नोंद प्रसिद्ध केली. तीत संक्रमणाची रेषा मातेकडून मुलांकडे जाताना दिसत होती. पित्याचे आणि मातेचे वजन सारखे नव्हते. वारसा आणि संसर्ग यांचे मार्ग येथे स्पष्टपणे वेगळे झाले.

३. तैपेई येथील निरीक्षण

मातेकडून संक्रमण होते एवढे कळल्याने प्रश्न सुटत नव्हता. ते केव्हा होते, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर तैवानमध्ये मिळाले. तेथील प्रौढ लोकसंख्येत या विषाणूच्या वाहकांचे प्रमाण १५ ते २० टक्के होते. म्हणजे प्रसूतिगृहात येणाऱ्या पाच-सहा स्त्रियांपैकी एक वाहक असे. या स्त्रिया बहुधा आजारी नसत. त्यांना कावीळ नसे, ताप नसे आणि आपल्या रक्तात विषाणू आहे याची जाणीवही नसे.

तैपेई येथे काम करणारे अमेरिकन संशोधक क्लॅड स्टीव्हन्स आणि पामर बीझली यांनी तैवानी सहकाऱ्यांसह १५८ वाहक माता व त्यांची बालके यांचा अभ्यास करून १९७५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६३ बालकांच्या, म्हणजे ४० टक्के बालकांच्या रक्तात पहिल्या सहा महिन्यांत प्रतिजन आढळले. या आकड्याइतकेच महत्त्व कालक्रमाला होते. बहुतेक बालकांच्या रक्तात प्रतिजन जन्मतः नव्हते. ते काही आठवड्यांनी वा महिन्यांनी प्रकट झाले. नाळेच्या रक्तात ते सापडले तरी पुष्कळदा त्याचे कारण मातेच्या रक्ताचे मिश्रण एवढेच असे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून त्याची खूण रक्तात दिसू लागेपर्यंत साधारणतः एक ते तीन महिने जातात. हा अवधी मागे मोजत गेल्यास संसर्गाची वेळ गर्भावस्थेत न पडता बहुधा प्रसूतीच्या आसपास पडते. गर्भाशयातच संसर्ग झालेली बालके असतात, परंतु ती थोडी.

प्रसूतीच्या वेळेचे हे महत्त्व दुसऱ्या बाजूनेही सूचित झाले होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वाइट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत मातेला तीव्र यकृतशोथ झाला असता बालकाला क्वचित लागण होते. शेवटच्या तिमाहीत वा प्रसूतीच्या सुमारास झाला असता बहुसंख्य बालकांना होते. मातेचा आजार प्रसूतीच्या जितका जवळ, तितके बालक धोक्यात.

सर्वच वाहक मातांच्या बालकांना लागण का होत नाही, या शंकेचे निरसन १९७६ मध्ये जपानच्या ओकादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ज्या मातांच्या रक्तात ‘ई’ नामक दुसरे प्रतिजन होते त्यांच्या बालकांना लागण झाली; ज्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्य होते त्यांची बालके बचावली. ‘ई’ प्रतिजन हे रक्तात विषाणू विपुल असल्याचे चिन्ह आहे. म्हणजे प्रश्न रक्ताच्या नात्याचा नव्हता, रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा होता. पूर्व आशियातील तरुण वाहक स्त्रियांत हे प्रतिजन आफ्रिकेतील स्त्रियांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते. त्यामुळे तैवानमध्ये प्रसूती हा संसर्गाचा एक प्रमुख मार्ग ठरला, तर आफ्रिकेत बालपणी मुलामुलांत होणाऱ्या संसर्गाचा वाटा मोठा राहिला.

स्तनपानाविषयीची शंकाही याच काळात दूर झाली. वाहक मातेचे दूध पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या बालकांची तुलना बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये केली. दोन्ही गटांत लागण होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बालकाला मातेपासून दूर करण्याचे कारण त्यामुळे उरले नाही.

४. रोगाचे उशिरा दिसणारे फळ

संसर्ग झालेले नवजात बालक बहुधा निरोगी दिसते. त्याचा वर्ण पिवळा होत नाही, त्याची वाढ खुंटत नाही. येथे ‘कावीळ’ हे नाव सर्वस्वी निरुपयोगी ठरते, कारण ज्या लक्षणाचे ते नाव आहे ते लक्षणच येथे नसते. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक विषाणूपासून मुक्त होतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के दीर्घकाळ वाहक राहतात. प्रौढाचे शरीर विषाणूशी झगडते आणि त्या झगड्यातूनच कावीळ उद्भवते. नवजात बालकाची अपरिपक्व प्रतिकारशक्ती विषाणूला परका मानीत नाही. त्यामुळे आजार दिसत नाही आणि विषाणूही जात नाही.

याचा परिणाम तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. बीझली, लू-यू ह्वांग आणि त्यांचे सहकारी यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांचा मागोवा घेऊन १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाहकांत इतरांच्या २२३ पट आढळला. तोपर्यंत यकृताच्या कर्करोगाची बाधा एकाच घरातील भावाभावांना झाली तर ती घराण्याची दुर्दैवी परंपरा मानली जाई. ती परंपरा प्रसूतिगृहात सुरू होत होती. त्याच वाहक मुली पुढे माता होत आणि विषाणू दुसऱ्या पिढीकडे जाई.

५. काही तासांचा अवकाश

संसर्ग प्रसूतीच्या वेळी होतो आणि विषाणू शरीरात स्थिर होण्यास काही अवधी लागतो, या दोन गोष्टी एकत्र घेतल्यास तिसरी आपोआप निष्पन्न होते : जन्मानंतर लगेच काही केले तर संसर्गाला रोखता येईल. प्रतिद्रव्यांनी युक्त असे इम्युनोग्लोब्युलिन बालकाला जन्मल्याबरोबर दिले असता त्याचा तात्पुरता बचाव होई. परंतु उसन्या प्रतिद्रव्यांचा प्रभाव काही महिन्यांत ओसरे. बालकाने स्वतः प्रतिद्रव्ये निर्माण करावीत यासाठी लस आवश्यक होती. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस वाहकांच्याच रक्तद्रवातून तयार केलेली होती. त्यातील प्रतिजनाचे कण शुद्ध व निष्क्रिय करून ते टोचले जात.

बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या दोन्ही उपायांच्या संयोगाची परीक्षा प्रसिद्ध केली. ‘ई’ प्रतिजन असलेल्या वाहक मातांच्या बालकांवर काहीच उपाय न केल्यास सुमारे ८८ टक्के बालके वाहक होत. इम्युनोग्लोब्युलिन व लस ही दोन्ही दिलेल्या बालकांत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. बीजातून आलेल्या गुणावर असा परिणाम होणे अशक्य होते. आनुवंशिकतेच्या मताचे अंतिम खंडन अशा रीतीने वादातून न होता प्रतिबंधातून झाले.

१ जुलै १९८४ पासून तैवानने वाहक मातांच्या नवजात बालकांसाठी राष्ट्रव्यापी लसीकरण सुरू केले. १९८६ मध्ये ते सर्व नवजात बालकांना लागू झाले. हा निर्णय सोपा नव्हता. लस महाग होती, मानवी रक्तद्रवातून बनलेली होती, आणि रक्तातून पसरणाऱ्या एड्स या नव्या रोगाचे भय तेव्हा सर्वत्र पसरू लागले होते. निरोगी दिसणाऱ्या बालकाला, निरोगी दिसणाऱ्या मातेपासून होऊ शकणाऱ्या आणि चाळीस वर्षांनी प्रकटणाऱ्या रोगासाठी पहिल्याच दिवशी टोचावयाचे, हे पटवून देणेही कठीण होते.

फळ मात्र अपेक्षेहून लवकर दिसले. तैपेई येथील मुलांतील वाहकांचे प्रमाण १९८४ मध्ये ९.८ टक्के होते. दहा वर्षांनी ते १.३ टक्के झाले. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ या काळात लाखात ०.७० होते, ते १९९०-९४ या काळात ०.३६ वर आले. चांग मेई-ह्वेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. लसीने मनुष्याच्या कर्करोगाला प्रतिबंध होऊ शकतो याचा तो पहिला सामुदायिक पुरावा ठरला.

६. शब्दाची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून प्रत्येक नवजात बालकाला या लसीची पहिली मात्रा शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत द्यावी, अशी शिफारस केली आहे. रक्तात विषाणू विपुल असलेल्या गर्भवतींना शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर हे औषध देण्याची शिफारस २०२० मध्ये तिला जोडण्यात आली. भारतात या लसीचा सार्वत्रिक लसीकरणात प्रवेश २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात झाला. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत तिचा विस्तार झाला, आणि २०११-१२ पर्यंत ती देशभर लागू झाली. तरीही जगाचा विचार करता, २०२३ च्या अंदाजानुसार जन्माच्या वेळची मात्रा मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ४५ टक्केच होते. घरी वा दूरच्या खेड्यात झालेल्या प्रसूतीत लस वेळेवर पोहोचत नाही. आणि आठवड्याने पोहोचलेली लस जन्माच्या वेळच्या संसर्गाविरुद्ध पुष्कळशी निष्प्रभ असते.

अडचण केवळ पुरवठ्याची नाही, समजुतीचीही आहे. आपल्याकडे काविळीच्या ज्या मोठ्या साथी प्रसिद्ध आहेत त्या पाण्यातून आलेल्या आहेत. १९५५-५६ मधील दिल्लीच्या साथीत २९,००० हून अधिक लोकांना कावीळ झाली. तिचे कारण हिपॅटायटिस ई हा निराळाच विषाणू होता, असे पुढे सिद्ध झाले. तो विषाणू गर्भवतीला विशेष घातक असतो आणि त्याचा आजार उघड दिसतो. त्यामुळे कावीळ म्हणजे दिसणारा, दूषित पाण्याचा आणि काही आठवड्यांत बरा होणारा रोग, अशी लोकांची धारणा असणे स्वाभाविक आहे. जी बाधा दिसत नाही, पाण्यातून येत नाही आणि बालपणी लागल्यास सहसा बरी होत नाही, तिला त्या धारणेत स्थान नाही. एकाच शब्दाखाली परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन रोग एकत्र आल्यामुळे एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या अज्ञानाला कारण होते.

‘वारसा’ या शब्दाचा परिणाम याहून गंभीर आहे. संक्रमणाचे ‘ऊर्ध्वाधर’ हे शास्त्रीय विशेषणही वंशवृक्षाचीच प्रतिमा डोळ्यांपुढे उभी करते. मातेने मुलाला रोगाचा वारसा दिला असे म्हटले की दोन गोष्टी एकदम सूचित होतात : दोष मातेचा आहे आणि तो अटळ आहे. वर पाहिलेल्या इतिहासाने या दोन्ही गोष्टी असत्य ठरविल्या. जिला स्वतःला बहुधा तिच्या मातेकडूनच, जन्माच्या दिवशी संसर्ग झाला त्या स्त्रीकडे दोष जात नाही. आणि जो संसर्ग ठरावीक वेळी ठरावीक मार्गाने होतो तो अटळ नसतो. ‘जन्मजात’ या शब्दाऐवजी ‘प्रसूतिकालीन’ हा शब्द वापरणे ही म्हणून केवळ परिभाषेची काटेकोरी नव्हे. पहिल्या शब्दाने बालकाचे भवितव्य ठरून गेल्याचे सूचित होते, तर दुसऱ्याने ते टाळण्यासाठी अद्याप काही तास हाती असल्याचे. प्रसूतिगृहातील परिचारिकेने पहिल्या दिवशी ती लस टोचावी की नाही, हे अखेर या दोन अर्थांपैकी कोणता तिच्या मनात आहे यावर अवलंबून राहते.